आमचं समाधान मोजू नका



होटगीहून लिहितोय. होटगी म्हणजे सोलापूरच्या पुढचं जंक्शन. एक लाइन वाडीकडं जाते, दुसरी विजापूरवरनं गदगला. गदगची लाइन आधी मीटरगेज होती, आता ब्रॉडगेज आहे. माझे आजोबा इथं लायनीवर गँगमन होते. मी सोलापुरात केंद्र सरकारच्या एका कचेरीत टेबलखुर्चीवर आहे. आमच्या घराण्याचा हा प्रवास मी दरवर्षी चौदा एप्रिलला स्टेजवरनं सांगतो आणि टाळ्या घेतो. आज मी टाळ्या घ्यायला बसलेलो नाही. कबुली द्यायला बसलोय, आणि भांडायलाही.

कचेरीचं नाव लिहीत नाही. थोडं भिऊन, हे आधीच सांगून टाकतो. पण दुसरं कारण मोठं आहे. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, ती एक कचेरी हरामी आहे. आणि आपापल्या कचेरीत निवांत चहा प्याल. म्हणून नाव कोरं ठेवलंय. तिथं तुमच्या कचेरीचं नाव घाला, चपखल बसेल.

झालं असं. आमच्याकडं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय फळ्यावर रंगीत खडूनं लिहिला होता : ‘कामाच्या ठिकाणी भावनिक बुद्धिमत्ता, राजकीय कौशल्य आणि कार्यसमाधान’. पुण्याहून एक तज्ज्ञ आलेले. टाय, लॅपटॉप, पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं. मोठे साहेब उद्घाटनाला आले, नारळ फोडला, दोन शब्द बोलले आणि मीटिंग आहे म्हणून गेले. त्यांच्या मागोमाग दोन नंबरचे आणि तीन नंबरचेही गेले. राहिलो आम्ही, बाबू आणि शिपाई. भावना सुधारायच्या होत्या त्या आमच्या. साहेबांच्या सुधारलेल्या असाव्यात.

मग फॉर्म वाटले. ‘मी माझ्या कामावर समाधानी आहे.’ ‘मला माझ्या रागावर ताबा ठेवता येतो.’ ‘वरिष्ठांच्या मनात काय आहे ते मला न सांगता कळतं.’ प्रत्येकापुढं १ ते ५ आकडे, एकाला गोल करायचा. मी सगळीकडं ५ ला गोल केला. एकदाही पेन अडलं नाही. नोकरीला तीस वर्षं झाली मित्रांनो, मला कुणी भावनिक बुद्धिमत्ता शिकवायची गरज नाही. कुठल्या फॉर्मवर कुठला आकडा लिहायचा हे ज्याला कळतं, त्याच्याकडं ती पुरेपूर आहे.

माझ्या शेजारी आपल्याच समाजातली एक पोरगी बसलेली. दोन वर्षांपूर्वी परीक्षा देऊन लागली. कामाला वाघ. तिचा फॉर्म कोरा होता. तज्ज्ञांनी ‘कुणाला काही शंका?’ म्हणून विचारलं, तशी ती उभी राहिली.

“सर, जेवणाच्या सुट्टीत माझे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ही कोट्यातली भरती आहे, हिच्याकडनं फाइल दोनदा तपासून घ्या. सगळे हसले. तर यात नियोजन कुणाच्या भावनेचं करायचं? माझ्या की त्यांच्या?”

हॉल गप्प. पंख्याचा आवाज तेवढा. तज्ज्ञ हसले. म्हणाले, “बघा, घटना आपल्या हातात नसते. आपली प्रतिक्रिया आपल्या हातात असते.”

ती म्हणाली, “सर, घटना त्यांच्या हातात होती की.”

आणि खाली बसली. मी त्या वेळी काय करत होतो? मी फॉर्मवरचे गोल नीट गिरवत होतो. जेवणाच्या सुट्टीत ते वाक्य पडलं तेव्हा मी समोरच्या टेबलावर डबा खात होतो. सगळं ऐकलं होतं. हसलो नव्हतो. पण भाकरीचा घास थांबलाही नव्हता.

*

आता या शास्त्राकडं बघू. शिव्या देण्याआधी वाचावं, ही बाबासाहेबांची शिकवण. मी वाचलं.

भावनिक बुद्धिमत्ता हा विचार पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडला. आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं आणि त्या ओळखीचा विचार करताना, वागताना उपयोग करणं, असा त्याचा साधा अर्थ. १९९५ साली डॅनियल गोलमन यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि कंपन्यांना नवा धंदा मिळाला. मूळ विचारात मला खोट दिसत नाही. दुसऱ्याच्या भावना ओळखाव्यात, हे कोण नाकारेल? पण मग पहिला वर्ग कुणाचा घ्यायला हवा? ज्याच्या हातात दुसऱ्याची बढती, बदली, रजा आणि अब्रू आहे, त्याचा. आपल्याकडं तो नारळ फोडून निघून जातो. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला सांगतात, तू राग गिळायला शीक. औषध रोग्याला सोडून शेजाऱ्याला पाजायचं, ही यांची वैद्यकी.

दुसरं, राजकीय कौशल्य. राजकारण म्हणजे निवडणूक नव्हे, कचेरीतलं राजकारण. जेराल्ड फेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली त्याची मोजपट्टी छापली. तिचे चार भाग. एक, माणसं आणि प्रसंग ओळखणं. दोन, समोरच्यावर छाप पाडणं. तीन, ओळखीपाळखी जोडणं. आणि चौथा भाग नीट वाचा : प्रामाणिक दिसणं. प्रामाणिक असणं नाही, दिसणं! हे मी माझ्या मनाचं लावत नाही, त्यांच्या मोजपट्टीतच त्या भागाचं नाव तसं आहे. एवढं स्वच्छ बोलल्याबद्दल मी त्या प्रोफेसरांचा आभारी आहे. आमच्याकडं हे कुणी कागदावर लिहून देत नाही.

पण या चारही गोष्टी आमच्या बापजाद्यांना येत नव्हत्या काय? वतनातला महार पाटलाच्या वाड्यापुढं उभा राहायचा. पाटलाच्या भुवईवरनं त्याला कळायचं, आज पोटाला मिळणार की पाठीवर मिळणार. ही माणसं ओळखण्याची कला. दुरून ‘जोहार मायबाप’ म्हणायचा, पोटात आग असली तरी आवाजात मध ठेवून. हे प्रामाणिक दिसणं. मयताचा सांगावा घेऊन दहा गावं पालथी घालायचा, प्रत्येक गावात कुठल्या बाजूनं शिरायचं आणि कुठं उभं राहायचं हे त्याला ठाऊक. मेलेली गुरं ओढली, वेशीची राखण केली, सरकारी खजिन्याबरोबर चालला. आणि एवढं करून चेहरा कसा? समाधानी. कारण असमाधानी चेहऱ्याच्या महाराचं काय व्हायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

१९८३ साली आर्ली हॉकशील्ड या बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींवर पुस्तक लिहिलं. कंपनी त्यांच्याकडनं नुसतं काम घेत नाही, त्यांचं हसूही विकत घेते, आणि या भावनांच्या श्रमाची किंमत माणसाला आतून मोजावी लागते, हे त्यांनी दाखवलं. त्या पोरींना निदान हसण्याचा पगार मिळत होता. आमच्या बापजाद्यांनी हेच श्रम पिढ्यान्‌पिढ्या शिळ्या भाकरीवर केले. ते वतन कायद्यानं गेलं, १९५८ साली. आता तेच वतन टाय लावून, लॅपटॉप घेऊन, पुण्याहून परत आलंय. जोहाराचं नाव बदललंय, एवढंच.

तिसरं, कार्यसमाधान. १९५९ साली फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी पिट्सबर्गच्या आसपासच्या सुमारे दोनशे इंजिनियर आणि हिशेबनिसांना विचारून सांगितलं, की पगार, वरिष्ठ, नियम हे वाईट असले की माणूस नाराज होतो. पण खरं समाधान येतं ते हातून काही घडलं, कामाची कदर झाली, जबाबदारी मिळाली, वर चढायला वाट मिळाली, यातून. ठीक आहे. मला पटतं. मग आमच्या फॉर्मवर हे प्रश्न का नाहीत? ‘तुमच्या बिंदुनामावलीतला बिंदू वेळेवर भरला का?’ ‘तुम्हाला जबाबदारीचं टेबल मिळालं की जन्मभर आवक-जावक?’ ‘तुमचं आडनाव कळल्यावर साहेबांचा आवाज बदलला का?’ हे विचारा. मग आमचं समाधान मोजा.

आमच्या कचेरीत झाडायला एक मावशी येतात. कंत्राटी. कचेरीतल्या बहुतेकांपेक्षा जास्त वर्षं त्या तिथं आहेत, कंत्राटदार मात्र बदलत राहिले. प्रशिक्षण संपल्यावर हॉलमधले कागदी कप आणि चुरगळलेले फॉर्म त्यांनी गोळा केले. त्यांना फॉर्म दिला नव्हता. मी गमतीनं विचारलं, “मावशी, कामावर समाधानी हाय का ओ?” त्या म्हणाल्या, “पगार महिन्याच्या महिन्याला येऊ दे की, मग सांगते.” त्या दिवसातलं खरं उत्तर तेवढं एकच होतं, आणि ते कुठल्याही फॉर्मवर नाही.

*

मनमाड आठवा.

१९३८ सालचा फेब्रुवारी, १२ आणि १३ तारीख. जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद. आमची होटगी त्याच जी. आय. पी.च्या मुंबई–रायचूर लाइनीवर. अध्यक्ष बाबासाहेब. त्यांनी तिथं काय केलं? कामगारांना ‘समाधानी राहा’ म्हणाले? रागाचं नियोजन शिकवलं? त्यांनी एकेक जागा मोजून दाखवली. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात काम करावं लागतं आणि स्टेशनमास्तर सवर्ण. कारकुनाच्या जागा भरताना आपली मॅट्रिक झालेली पोरं दारात उभी असतात, ती दिसत नाहीत. वर्कशॉपात आपला माणूस कुली असतो, मेकॅनिक जवळजवळ नाहीच, चार्जमन तर सोडूनच द्या. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचं दार बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आमचं तोंड विटाळाचं. विणाईला पगार जास्त होता, हेही विसरू नका.

माझे आजोबा गँगमन होते. त्यांचं वेगळं काही सांगत नाही. बाबासाहेबांनी त्या सगळ्यांचं एकदाच सांगून ठेवलंय.

आणि त्याच परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता यांना नकार, आणि तो नकार सगळ्या जातींत भिनलाय, असंही स्पष्ट केलं. हे आज फार उपयोगी आहे. कारण आमचे ते ‘कोट्यातली भरती’वाले साहेब ब्राह्मण नाहीत. त्यांची जातही एका यादीत आहे. आणि मी, जो घास न थांबवता ऐकत बसलो, तो तर बौद्ध आहे. धम्माची दीक्षा घेतलेला, घरात बुद्धाची मूर्ती असलेला. ब्राह्मणशाही कुठं राहते असं विचाराल, तर त्या दिवशी ती माझ्या डब्यात होती.

स्वतः बाबासाहेबांच्या नोकरीचं बघा. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेला माणूस बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला. शिपाई लांबनं टेबलावर फाइली टाकायचे. प्यायला पाणी नाही, राहायला जागा नाही. काही दिवसांत ती नोकरी सुटली. आमच्या तज्ज्ञांच्या फॉर्मवर या माणसाला किती मार्क पडले असते? समाधान शून्य. जुळवून घेणं शून्य. ओळखीपाळखी शून्य. त्यांनी जुळवून घेतलं असतं तर बडोदा संस्थानात एक चांगला अधिकारी निवृत्त झाला असता. आणि १९२७ साली महाडच्या तळ्यावर कोण गेलं असतं? आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या वळसंगच्या विहिरीचं पाणी १९३७ साली कुणी काढलं असतं?

दुसरं उदाहरण लांबचं नाही, पुण्याचं आहे. १९६०च्या दशकात तिथल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द केल्या. दीनाभाना नावाचा राजस्थानी भंगी समाजातला चतुर्थ श्रेणी कर्मचारी उभा राहिला. त्याला निलंबित केलं. त्याच प्रयोगशाळेत कांशीराम नावाचे एक अधिकारी होते. चांगली नोकरी, खाऊनपिऊन सुखी. तोवर त्यांना आंबेडकर नीट माहीत नव्हते. ते दीनाभानाच्या बाजूनं उतरले, डी. के. खापर्डे यांच्यासारखे सहकारी सोबत आले, सुट्ट्या परत मिळाल्या. पुढं नोकरी सुटली आणि १९७८ साली बामसेफ उभी राहिली. बामसेफचं, बसपाचं पुढं काय झालं यावर आपण भांडू, जरूर भांडू. पण सुरुवात कुठनं झाली ते बघा. राजकीय कौशल्याच्या मोजपट्टीवर चारही भागांत नापास झाला असता अशा एका चतुर्थ श्रेणी माणसापासनं. त्याला प्रामाणिक दिसता येत नव्हतं. तो प्रामाणिक होता.

*

आता त्या पोरीकडं परत येतो. प्रशिक्षणानंतर तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, “तुम्ही सीनियर आहात, तुमचं ती ऐकते. जरा समजावून सांगा. अहवालाचे दिवस आहेत.”

मी बाहेर येऊन तिला समजावलं. होय, मी. म्हणालो, “पोरी, अजून तीस वर्षं काढायचीत. सगळीकडं बोलून चालत नाही. आधी पक्की हो, बढती घे, वर जा, मग बोल.” तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “काका, तुम्ही कधी वर जाणार? बोलणार कधी?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी रुमालानं चष्मा पुसला.

महिनाभरात अहवाल आला. आता हे नीट समजून घ्या, कारण तुमच्यातले अर्धे उद्या नोकरीत लागणार आहात. केंद्र सरकारनं २००९ साली अहवालाची जी पद्धत घालून दिली, तिच्यात १ ते १० गुण देतात. कामाला ४० टक्के वजन, कामाच्या जाणकारीला ३०, आणि माणसाच्या गुणांना, म्हणजे वृत्ती, संवाद, संघभावना, परस्परसंबंध यांना ३०. खात्याखात्यात नमुने थोडे वेगळे असतील, पण गाभा हाच. तिला कामात ७, जाणकारीत ७, आणि स्वभावाच्या रकान्यात ३. हिशेब करा : २.८ अधिक २.१ अधिक ०.९. बेरीज ५.८. सहाच्या खाली म्हणजे शेरा ‘चांगला’. सहाच्या वर असती तर ‘फार चांगला’. जिथं बढतीला ‘फार चांगला’ लागतो तिथं ही ‘चांगली’ पोरगी बाहेर. काम चोख, ज्ञान चोख, फक्त चेहरा समाधानी नाही. तीस टक्क्यांत माणूस बुडवता येतो.

आणि ३ च का? २ का नाही? कारण १ किंवा २ दिला तर नेमकी चूक काय झाली हे अधिकाऱ्यानं लिहावं, अशी अपेक्षा आहे. ३ ला काही लिहावं लागत नाही. याला म्हणतात राजकीय कौशल्य! ते आमच्या साहेबांनी पुण्याच्या तज्ज्ञाकडनं शिकलं नाही. ते त्यांच्याकडं वंशपरंपरेनं आहे.

अजून एक गंमत. केंद्राच्या नमुन्यात, अधिकाऱ्याचं शब्दचित्र लिहिताना त्याचा दुर्बल घटकांकडं बघण्याचा दृष्टिकोन कसा आहे तेही लिहायचं असतं. कोण लिहितं? त्याचा वरचा अधिकारी. दुर्बल घटकाला कुणी विचारत नाही. आमच्या साहेबांचा तो रकाना उत्तम भरला गेला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

*

तुम्ही विचाराल, मग काय रोज भांडायचं? डोकं फोडायचं? नाही. बाबासाहेबांइतकं राजकीय कौशल्य या देशात किती जणांकडं होतं? १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. ज्या काँग्रेसशी जन्मभर भांडले, तिच्या बहुमताच्या घटनासमितीत बसून मसुदा लिहिला. कुणाबरोबर बसायचं हे त्यांना कळत होतं. पण उठायचं कधी हेही कळत होतं. २७ सप्टेंबर १९५१ ला हिंदू कोड बिल आणि इतर कारणांवर मंत्रिपदाचा राजीनामा देऊन ते उठले. आम्हाला बसायचं तेवढं कळलं. कौशल्य कुणासाठी वापरलं, हा सवाल आहे. त्यांचं कौशल्य समाजासाठी होतं. माझं माझ्या सातव्या वेतन आयोगासाठी होतं.

आग्र्याला मार्च १९५६ मध्ये ते शिकलेल्या लोकांबद्दल दुखावून बोलले, की समाजाला मदत करतील असं वाटलं होतं ते कारकून होऊन आपली पोटं भरत बसले. हे वाचताना मला दरवेळी दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा आठवायचा. या वेळी आरसा आठवला.

आणि कुणी धम्माचं नाव घेऊन म्हणेल, राग वाईट, मैत्री चांगली. कबूल. पण माणसानं माणसाचं केलेलं दुःख मनातल्या मनात जिरवावं म्हणून बाबासाहेबांनी धम्म दिला नाही. ते दुःख जगातनं घालवावं म्हणून दिला. मैत्री साहेबाशी करायची असेल तर आधी ती मावशीशी करा, त्या पोरीशी करा.

म्हणून नोकरीत जाणाऱ्या पोरांनो, पोरींनो, कामाचं बोलतो.

अहवालाची प्रत मागा. तुम्हाला न दाखवता तो आता पुरता होत नाही. २००८ साली देव दत्त यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. केंद्राच्या नियमाप्रमाणं प्रत मिळाल्यापासनं १५ दिवसांत निवेदन देता येतं. हे पंधरा दिवस रडण्यात घालवू नका. बिंदुनामावलीची वही बघायला शिका. २ जुलै १९९७ च्या आदेशापासनं ती पदांवर चालते, रिकाम्या जागांवर नाही. तुमच्या खात्यात अनुसूचित जातींसाठी संपर्क अधिकारी असतो, त्याचं नाव भिंतीवर आहे का बघा. दाखवत नाहीत ते माहितीच्या अधिकारात मागा. अपमान झाला तर तारीख, वेळ, शब्द आणि कोण हजर होतं हे त्याच रात्री वहीत लिहा. चारचौघांत जातीवरनं केलेला अपमान १९८९ च्या कायद्यात गुन्हा आहे, पण ‘चारचौघांत’ हे सिद्ध करायला चारचौघे लागतात.

इथंच सगळं अडतं मित्रांनो. कायदा आहे, कलम आहे, पंधरा दिवस आहेत. साक्षीदार नाही. साक्षीदार डबा खात असतो.

त्या पोरीनं निवेदन लिहिलं. स्वभावात ३ का, याचं कारण तिनं लिहिलं : अमुक तारखेला, जेवणाच्या सुट्टीत, अमुक शब्द. ऐकणारे म्हणून पाच नावं. चार जणांनी सांगितलं, आम्हाला नीट आठवत नाही. त्यातले दोघे आपले. पाचवं नाव माझं.

तिनं मला एकदाही विचारलं नाही. कागद नुसता टेबलावर ठेवून गेली. बारा दिवस तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी रोज घरी न्यायचो, रोज परत आणायचो. मला निवृत्तीला तीन वर्षं आहेत. बढतीची शेवटची यादी या वर्षी निघायची आहे आणि माझा अहवाल लिहिणारे साहेब तेच आहेत. बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “तुमची पोरगी असती तर बारा दिवस लावला असताव?”

तेराव्या दिवशी मी सही केली. ‘मी हे वाक्य माझ्या कानांनी ऐकलं’ असं सहीच्या वर हातानं लिहिलं. हात कापत होता, ते अक्षरात दिसतं. मी याला शौर्य म्हणत नाही. तीस वर्षं उशिरा केलेली सही आहे ती. त्या तीस वर्षांत माझ्या समोर किती वाक्यं पडली आणि किती पोरं गप्प झाली, त्याचा हिशेब कुठल्या वहीत नाही.

निकाल अजून यायचा आहे. साहेब आता मला चहा मागवत नाहीत. बढतीचं काय होईल ते होईल. ज्या दोघा आपल्यांना आठवत नव्हतं, त्यातला एक परवा गाडीत भेटला. टिकेकरवाडी जाईपर्यंत गप्प बसला. मग म्हणाला, “दादा, तसं मला बी ऐकू आलं हुतं.” मी म्हणालो, मग लिहून दे की. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी त्याच्या मागं लागलोय. सोडणार नाही.

पुढच्या वर्षी तो फॉर्म परत येणार आहे. ‘मी माझ्या कामावर समाधानी आहे’ या ओळीपुढं मी कुठल्याच आकड्याला गोल करणार नाही. समासात लिहिणार आहे : हिची बेरीज आधी दुरुस्त करा, मावशींचा पगार वेळेवर द्या, मग विचारा.

तुमच्याकडं फॉर्म आला तर तुम्ही काय लिहिणार ते तुम्ही ठरवा. पण शेजारच्या टेबलावर कुणाचा अपमान होत असेल, तर निदान हातातला घास खाली ठेवा. चळवळ तिथनं सुरू होते.

जयभीम.